घरघर ऐकू येते, श्रम मात्र पाहावे लागतात

पत्राचा सारांश : सोलापुरात अक्कलकोट रोडच्या बाजूला राहणाऱ्या एका मातेचे हे पत्र आहे. मुलगा साडेचार महिन्यांचा आहे. यजमान टॉवेलच्या कारखान्यात बहुधा रात्रपाळीला असतात आणि सासूबाई घरी विड्या वळतात. दिवाळीपासून बाळाला तीनदा सर्दी-खोकला झाला. पहिल्या दोन वेळा छातीतून घरघर ऐकू येते म्हणून या ताई मध्यरात्री रिक्षाने दवाखान्यात गेल्या. दोन्ही वेळा ‘नाक चोंदले आहे, घाबरू नका’ असे सांगून त्यांना परत पाठवण्यात आले आणि घरी ‘उठसूट दवाखाना’ असे बोलणे ऐकावे लागले. तिसऱ्या वेळी त्यांनी स्वतःला आवरले. सासूबाई ‘पोट उडतंय’ म्हणत होत्या, पण ताप नव्हता आणि घरघरही पूर्वीपेक्षा कमी होती, म्हणून त्या सकाळपर्यंत थांबल्या. सकाळी बाळाने अंगावर पिणे सोडले. त्याला दाखल करून दोन दिवस ऑक्सिजन द्यावा लागला. आता बाळ बरे आहे, पण ताईंची झोप उडाली आहे. त्यांनी बोटाला लावायचे ऑक्सिमीटर विकत घेतले आहे, यजमान वाफेचे यंत्र (नेब्युलायझर) घेऊ म्हणतात आणि सासूबाई संध्याकाळी ओव्याची धुरी देतात. ‘साधी सर्दी कोणती आणि धोक्याची कोणती हे घरी कसे ओळखावे, आणि रात्री यजमान घरी नसताना निर्णय कोणी घ्यावा?’ असा त्यांचा प्रश्न आहे.

तुमच्या पत्रात एक वाक्य तीनदा आले आहे : ‘माझा अंदाज चुकला.’ तेव्हा आधी त्याविषयी. पहिल्या दोन रात्री तुम्ही दवाखान्यात गेलात आणि डॉक्टरांनी बाळ तपासून घरी पाठवले, यात तुमचा अंदाज चुकला असे मी मानत नाही. तुमचा प्रश्न योग्य होता आणि त्या घटकेला त्याचे उत्तर ‘काळजी नको’ असे होते. तान्ह्या बाळाच्या श्वासाबद्दल शंका आल्यावर तपासून घेणे आणि काही न निघणे हा खर्च वाया गेला असे धरले, की पुढच्या वेळी माणूस रिक्षाचे भाडे आणि घरचे टोमणे यांचा हिशोब करत बसतो. तुमच्या बाबतीत तिसऱ्या वेळी नेमके हेच घडले. तुम्ही बाळाकडे पाहून थांबला नाहीत, मागच्या दोन फेऱ्यांकडे पाहून थांबलात.

आता त्या रात्री तुम्ही ज्या दोन गोष्टींवर विसंबलात, त्या पाहू. एक ताप, दुसरी घरघर.

ताप आहे म्हणून आजार गंभीर आणि ताप नाही म्हणून साधा, हे समीकरण तान्ह्या बाळांना लागू पडत नाही. तुमच्या बाळाला दाखल करताना डॉक्टरांनी ‘ब्राँकिओलायटिस’ हे नाव सांगितले, असे तुम्ही लिहिले आहे. हा फुप्फुसातील सर्वांत बारीक श्वासनलिकांचा दाह असतो, तो बहुतेक वेळा आरएसव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो आणि दोन वर्षांखालील, विशेषतः तीन ते सहा महिन्यांच्या बाळांना अधिक होतो. त्यात ताप बेताचा असू शकतो किंवा मुळीच नसतो. या आजाराची चालही ध्यानात ठेवावी. पहिले एक-दोन दिवस ती निव्वळ सर्दी वाटते आणि तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास श्वासाचा त्रास सर्वाधिक होतो. म्हणून पहिल्या दिवशी मिळालेला ‘काही नाही’ हा निर्वाळा चौथ्या दिवसापर्यंत पुरत नाही. घरात खोकला सुरू झाला, की तो कोणत्या दिवशी सुरू झाला हे लिहून ठेवा. दवाखान्यात हा प्रश्न हटकून विचारला जातो आणि दमलेल्या आईला तेव्हा वार आठवत नाही.

घरघरही तशीच फसवी असते. पहिले काही महिने बाळ मुख्यतः नाकानेच श्वास घेते. नाकात जरासा शेंबूड अडकला तरी त्याचा आवाज छातीपर्यंत पोचतो, पाठीवर हात ठेवला तर हाताला कंप लागतो आणि आपण म्हणतो ‘छाती भरली’. मिठाच्या पाण्याचे थेंब नाकात घालून नाक साफ केल्यावर जी घरघर निवते, ती बहुतेक नाकातली असते. याउलट ज्या बाळाच्या श्वासनलिका खरोखर आवळल्या आहेत, ते फारसा आवाज न करताही धापा टाकत असते, आणि थकत गेले की उरलासुरला आवाजही कमी होतो. तुमच्या त्या रात्री ‘घरघर कमी झाली’ ही गोष्ट दिलासा म्हणून घेण्यासारखी नव्हती. सोबत बाळ शांतपणे पीत असते, डोळे उघडून बघत असते, तर ती दिलासा ठरली असती.

आवाजांपैकी दोन मात्र गंभीरपणे घ्यावेत. बाळ रडत नसताना, शांत असताना श्वास आत घेताना घशातून येणारा कर्कश आवाज हा एक, आणि प्रत्येक श्वास सोडताना ‘हुं, हुं’ असे बारीक कण्हणे हा दुसरा. कण्हणारे बाळ कुरकुर करत नसते, फुप्फुसातील हवा टिकवून धरण्यासाठी धडपडत असते. या दोन्हींत सकाळची वाट पाहू नये.

सासूबाई जे म्हणत होत्या, ते तुम्ही पत्रात जवळजवळ तक्रार म्हणून लिहिले आहे : ‘त्या प्रत्येक वेळी काहीतरी म्हणतात.’ माझ्या मते त्या रात्री घरात आजाराचे नेमके लक्षण त्यांनाच दिसले होते. फक्त त्यांच्या शब्दांत थोडी दुरुस्ती हवी. तान्ही बाळे पोटानेच श्वास घेतात, त्यामुळे पोट हलणे हे स्वाभाविक आहे. निरोगी बाळ श्वास आत घेते तेव्हा छाती आणि पोट दोन्ही बरोबरच वर येतात. फुप्फुसात हवा सहज जाईनाशी झाली, की छाती व पोट यांमधला श्वासपटलाचा स्नायू जोर लावतो आणि बाळाच्या बरगड्या अजून मऊ, कूर्चेच्या असल्याने त्या जोराने आत ओढल्या जातात. तेव्हा पोट वर येते, पण त्याच क्षणी बरगड्यांच्या खालच्या कडेला खळगा पडतो. पाहायचे ते हेच : पोट किती उडते हे नव्हे, तर श्वास आत जाताना छातीचा खालचा भाग आत जातो का. बरोबरीने गळ्याच्या खोबणीत खळगा पडणे, नाकपुड्या फुलणे, श्वासागणिक डोके हलणे हीही त्याच श्रमाची रूपे आहेत.

यातली कोणतीच गोष्ट कुंची, टोपडे, दोन झबली, स्वेटर आणि वर दुपटे यांच्या आडून दिसत नाही. आपल्याकडे सर्दी झालेल्या बाळाला जितके गुंडाळता येईल तितके गुंडाळतात, आणि मग चार माणसे त्या गाठोड्याभोवती बसून आवाजावरून निदान करतात. बाह्यरुग्ण विभागात बसून मी हे इतक्या वेळा पाहिले आहे, की ‘आधी कपडे काढा’ हे माझे पहिले वाक्यच होऊन गेले होते. खोलीत वारा नसेल अशी जागा पाहून, चांगल्या उजेडात, झबले गळ्यापर्यंत वर करून दोन मिनिटे उघडी छाती पाहिल्याने बाळाला काही अपाय होत नाही.

त्याच दोन मिनिटांत श्वास मोजावेत. बाळ झोपलेले किंवा पिऊन शांत झालेले असावे, कारण रडताना आणि तापात श्वास वाढतोच. एकदा पोट वर येऊन खाली गेले की एक. मोबाईलवर पूर्ण साठ सेकंद लावावेत. पंधरा सेकंद मोजून चारने गुणण्याचा मोह टाळावा, कारण बाळे एका लयीत श्वास घेत नाहीत, मध्येच भरभर घेतात आणि मध्येच काही सेकंद थांबतातही. दोन महिन्यांखालील बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्ष या वयात ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांत ४० किंवा अधिक असतील, तर तो जलद श्वास समजावा. आकडा जास्त आला तर पुन्हा एकदा मोजावा. दुसऱ्यांदाही तसाच आला तर मोजणे थांबवून निघावे.

हे आकडे जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनातले आहेत आणि आपल्या आशाताईंच्या प्रशिक्षणातही तेच शिकवले जातात. हे काम डॉक्टरांचे, आपल्याला कसे जमेल, असे तुम्हाला वाटत असेल तर गडचिरोलीकडे पाहा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९८० च्या दशकाच्या अखेरीस गावातल्या आरोग्यसेवकांना आणि दाईंना बाळाचा न्यूमोनिया ओळखून त्यावर प्रतिजैविक द्यायला शिकवले. ज्यांना आकडे वाचता येत नव्हते त्यांच्यासाठी एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि सरकवायचे मणी असलेले साधन तयार केले. त्या गावांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू घटले, आणि तो अभ्यास १९९० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अक्षरओळख नसलेल्या दाईला जे जमले, ते हजारांच्या हिशोबाने विड्या मोजणाऱ्या तुमच्या सासूबाईंना निश्चित जमेल.

श्वासाइतकेच महत्त्व पिण्याला आहे, आणि ते मोजायला तर घड्याळही लागत नाही. पिताना बाळाला चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे ही तिन्ही कामे सांभाळावी लागतात. श्वासालाच सगळी शक्ती लागू लागली, की ते दोन घोट घेऊन स्तन सोडते, धापा टाकते, पुन्हा धरते, पुन्हा सोडते. नाक चोंदल्यामुळेही असे होते, म्हणून पाजण्यापूर्वी नाक साफ करून पाहावे. तरीही पिणे रोजच्या निम्म्यावर आले, किंवा बारा तासांत लंगोट ओला झाला नाही, तर त्याच दिवशी, मग ती रात्र असली तरी, बाळ दाखवलेच पाहिजे. पिणे पूर्ण थांबल्यावर निघणे म्हणजे उशिरा निघणे होय.

क्षणाचाही विचार न करता निघायचे प्रसंग कोणते, तेही स्पष्ट सांगते. बाळाला अंगावर घेताच येईना किंवा घेतलेले सगळे उलटू लागले, आकडी आली, हाक मारून आणि हलवूनही नीट जागे होईना, जीभ किंवा ओठांची आतली बाजू निळसर-राखाडी दिसली, छाती खोल आत जाऊ लागली, किंवा मध्येच श्वास थांबून बाळ पांढरे पडले, तर आशाताई, शेजारचे डॉक्टर, यजमानांचा फोन यांपैकी कशाचीही वाट पाहू नये. सावळ्या बाळाचा रंग कातडीवर कळत नाही, म्हणून जीभ आणि हिरड्या पाहाव्यात. बराच वेळ धापा टाकणारे बाळ अचानक निवांत झाले आणि श्वास संथ झाला, पण ते निपचित आहे आणि पीत नाही, तर ते बरे झालेले नसून दमलेले आहे. या एका चित्रावर घरोघरी मोठ्या माणसांची फसगत होते.

हे वाचणाऱ्या इतर मातांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. बाळ दोन महिन्यांच्या आतले असेल, तर वरचे बरेचसे ‘पाहू या’ गळून पडते. इतकी लहान बाळे कधी कधी फारसे न खोकता थेट श्वास थांबवतात. त्यांच्या बाबतीत काखेत मोजलेला ३७.५ अंश सेल्सिअस किंवा अधिक ताप, अंग गार पडणे, पिणे मंदावणे किंवा जलद श्वास यांपैकी एकही लक्षण तातडीने रुग्णालयात जाण्यास पुरेसे आहे. अपुऱ्या दिवसांची, कमी वजनाची किंवा हृदयाचा जन्मजात दोष असलेली बाळे वयाने मोठी असली, तरी त्यांच्याकडेही याच कडकपणे पाहावे.

आता तुम्ही घेतलेल्या आणि घेऊ पाहत असलेल्या वस्तूंकडे वळते. बोटाला लावायचे ते ऑक्सिमीटर मोठ्या माणसांच्या बोटाच्या मापाचे असते. हलणाऱ्या, गार पडलेल्या इवल्याशा बोटावर ते चुकीचा आकडा दाखवते. रुग्णालयात बाळाच्या पावलाला किंवा तळहाताला गुंडाळायची वेगळी पट्टी वापरतात. तुमच्या यंत्राने ९७ दाखवले आणि बाळाची छाती आत जात असेल, तर विश्वास छातीवर ठेवावा. यंत्र परत करता येत असेल तर करा. वाफेच्या यंत्राबद्दलही माझे मत प्रतिकूल आहे. त्यात घालायचे, श्वासनलिका मोकळ्या करणारे औषध ब्राँकिओलायटिसमध्ये सहसा उपयोगी पडत नाही, कारण तिथे नळ्या मुख्यतः सुजेने आणि चिकट स्रावाने अरुंद झालेल्या असतात. त्या औषधाने हृदयाचे ठोके मात्र वाढतात, आणि यंत्र लावले या समाधानात दोन तास निघून जातात. प्रतिजैविकांचेही तसेच. विषाणूवर ती चालत नाहीत. न्यूमोनियात ती प्राण वाचवतात, पण तो निर्णय तपासणीनंतरचा आहे. खोकल्याचे पातळ औषध तर या वयात देऊच नये. ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशात दूषित औषधाने बालके दगावल्यानंतर केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने दोन वर्षांखालील मुलांना अशी औषधे देऊ नयेत, असे पुन्हा बजावले आहे.

धुरीचा प्रश्न नाजूक आहे, कारण त्यात औषधापेक्षा माया अधिक आहे. पण सुजलेल्या श्वासनलिकांना धूर सोसत नाही, मग तो ओव्याचा असो, उदाचा असो की यजमानांच्या सिगारेटचा. नाकात तेल सोडण्याची पद्धत असेल तर ती कटाक्षाने बंद करा, कारण ते तेल फुप्फुसात उतरले तर वेगळाच न्यूमोनिया होतो. कापूर छातीला चोळणे आणि वर्षाच्या आत मध चाटवणे हेही नको. सासूबाईंना विड्या बंद करायला सांगा, असे मी म्हणणार नाही, कारण त्या उत्पन्नाची घराला गरज असेल. पण विड्यांचे सूप बाळाच्या खोलीबाहेर, हवेशीर जागी असावे आणि काम संपल्यावर हात साबणाने धुऊन, लुगडे बदलून मग बाळाला घ्यावे, एवढे जमण्यासारखे आहे. त्यांना करण्यासारखे दुसरे काही दिले, तर धुरी सुटणे सोपे जाईल. नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब घालणे, थोडे थोडे पण वारंवार पाजण्याची आठवण करणे, आणि मुख्य म्हणजे श्वास मोजणे, ही कामे त्यांच्याकडे सोपवा. मिठाचे पाणी मात्र औषधाच्या दुकानातले निर्जंतुक घ्यावे.

निर्णय कोणी घ्यावा, याचे माझे उत्तर असे : तो रात्री घ्यावाच लागू नये. बाळ बरे असताना, रविवारी दुपारी तिघांनी बसून ठरवून टाका, की ५० किंवा अधिक श्वास दोनदा मोजले गेले, छाती आत गेलेली दिसली, पिणे निम्म्यावर आले किंवा तुमच्यापैकी कोणा एकीच्या मनाला स्वस्थ वाटेना, तर चर्चा न करता निघायचे. ‘कोणा एकीच्या’ हे मी विचारपूर्वक लिहिते आहे. त्या रात्री तो अधिकार सासूबाईंना असता तर तुमचे काही तास वाचले असते. यजमानांना निघाल्यावर कळवायचे, विचारून निघायचे नाही. १०८ ची रुग्णवाहिका विनामूल्य आहे आणि बाळाला ऑक्सिजन लागेल अशी शंका असेल तर रिक्षापेक्षा तीच बरी. पण ती यायला उशीर होतो आहे असे दिसले तर जे वाहन मिळेल त्याने निघावे. सिव्हिलमध्ये तातडीचा विभाग रात्रभर चालू असतो. वाटेत बाळाला मांडीवर किंचित उभे धरावे, तोंडावर दुपटे घेऊ नये आणि धापा टाकत असताना जबरदस्तीने पाजू नये. शक्य झाल्यास निघण्यापूर्वी उघड्या छातीचे अर्ध्या मिनिटाचे चित्रण मोबाईलवर करून ठेवा. दवाखान्यात पोचेपर्यंत बाळे पुष्कळदा वेगळीच दिसू लागतात आणि ‘मगाशी असे होत होते’ हे शब्दांत पटवता येत नाही. पण त्यासाठी निघणे लांबवू नका.

हे काहीच नसेल, म्हणजे बाळ पीत आहे, हसते आहे, श्वास ५० च्या आत आहेत आणि छाती आत जात नाही, तर खोकला कितीही मोठा वाटला तरी घरी थांबायला हरकत नाही. हा खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळतो, त्याने आजार उलटला असे समजू नये. दिवसातून तीन-चार वेळा मोजले म्हणजे पुरे. रात्रभर उशाशी बसून मोजत राहिल्याने बाळापेक्षा तुम्हीच आधी आजारी पडाल.

लसींचा उल्लेख पत्रात नाही. न्यूमोकोकल लस सरकारी वेळापत्रकात सहा आणि चौदा आठवड्यांना व नऊ महिन्यांना मोफत दिली जाते आणि पेंटाव्हॅलेंट या एकत्रित लसीत हिब नावाच्या जंतूविरुद्धचे संरक्षण असते. आरएसव्हीवर त्यांचा उपयोग नाही, पण न्यूमोनियाची दोन मोठी कारणे त्यांनी रोखली जातात. आजारपणामुळे चौदा आठवड्यांचा डोस राहिला असेल तर तो आता घेता येतो. आणि जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या गर्दीत या वर्षी बाळाला नेऊ नये, असे मला वाटते. तुम्ही जाऊन या, बाळ सासूबाईंजवळ राहू द्या.

आज रात्री एक करा. बाळ गाढ झोपले की झबले वर करून तुम्ही आणि सासूबाई दोघींनी एकाच मिनिटात, पण मनातल्या मनात, श्वास मोजा आणि मग आपापला आकडा सांगा. या वयाच्या निरोगी बाळाचे झोपेतले श्वास साधारण ३० ते ४० च्या आसपास भरतात. दोघींच्या आकड्यांत दोन-तीनांहून अधिक फरक पडला तर पुन्हा मोजा. जुळलेला आकडा तारखेसह लसीकरणाच्या कार्डाच्या मागे लिहून ठेवा. पुढच्या सर्दीत तुलना त्या आकड्याशी करायची आहे.